कुपा तव्यावर पाणी सोडतो, चिकटतो, भुगा होतो: नेमकं कुठं बिघडतं?

तक्रार साधारण एकच असते. मोबाइलवर बघितलेल्या ट्यूनाला बाहेरून खरपूस तपकिरी थर असतो आणि आत गुलाबी पट्टा. घरी केला की कुपा, म्हणजे आपल्याकडचा ट्यूनाच, आधी पाणी सोडतो, मग राखाडी पडतो, उलटायला गेलं की वरचा पापुद्रा तव्यालाच राहतो आणि ताटात येतो तो सुका भुगा. पुढच्या वेळी आच वाढवली जाते, त्याच्या पुढच्या वेळी तेल, आणि मग एखाद्या रविवारी नवा तवाच येतो. तरी गाडी तिथंच अडते.

तवा बहुतेक वेळा निर्दोष असतो. घोळ असा की आपण कुप्याला सुरमईची रीत लावतो. पातळ काप, त्याला मीठ-हळद-लिंबू चोळून अर्धा तास मुरवणं, वर तिखट, रव्यात घोळवणं आणि मध्यम आचेवर सावकाश तळणं. सुरमईला हे सगळं शोभतं, कारण सुटलेलं पाणी रवा पिऊन घेतो आणि आतला मासा वाफेवर मऊ शिजतो. कुप्याचं मांस वेगळं: लाल, घट्ट, चरबी कमी. सावकाश शिजवलं की ते रस सोडत सोडत आवळत जातं आणि शेवटी चावायलाही कष्ट पडतात. त्याला हवा मोठ्या आचेचा थोडा वेळ चटका. हा चटका बसण्याआड काय काय येतं, ते एकेक बघू.

आधी मासा, मग तवा

आत गुलाबी ठेवायचा की पूर्ण शिजवायचा, हे बाजारातच ठरवा. तुकडी किती जाड घ्यायची ते त्यावर अवलंबून आहे, आणि पोटाला झेपेल का तेही.

सांगली-मिरजेत येणारा समुद्रातला मासा बर्फात घाट चढून येतो. रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर, पुढं सांगली आणखी पन्नासेक. कराड-साताऱ्याला चिपळूणहून कुंभार्ली घाटाचा रस्ता आहे. अंतर फार नाही. पण होडीतून बंदरात, बंदरातून गाडीत, गाडीतून फळीवर येताना प्रत्येक टप्प्यावर बर्फ किती होता, हे विकत घेणाऱ्याला दिसत नाही. कुप्याच्या बाबतीत नेमकं तेच महत्त्वाचं आहे.

कुप्याच्या लाल मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा ४-५ अंशांच्या वर रेंगाळला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा झालं की झालं. तळा, उकळा, फ्रीजरमध्ये टाका, जात नाही. वासावरूनही दर वेळी कळत नाही. असा मासा खाल्ला की काही मिनिटांपासून दोनेक तासांत चेहरा लाल होतो, अंगाची आग होते, डोकं ठणकतं, खाज सुटते, छाती धडधडते. खाताना कधी कधी जिभेला मिरीसारखं चुरचुरतं. तसं वाटलं तर घास तिथंच थांबवा आणि ताट बाजूला सारा. घरात याला ‘मासा बाधला’ म्हणतात किंवा ॲलर्जी समजतात. मासा नीट थंड ठेवलेला असता तर त्याच माणसाला बहुधा काहीच झालं नसतं. त्रास वाढला, श्वास अडकला, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

म्हणून फळीवर कुपा बघताना डोळे आणि कल्ले बघाच, पण त्याआधी बर्फ बघा. बर्फाच्या चुऱ्यात पुरलेला मासा घ्यावा. वितळलेल्या पाण्यात तरंगणारा किंवा कोरड्या फळीवर मांडलेला नको, मग तो कितीही लालभडक दिसो. रंगावर तर मुळीच जाऊ नये. कापलेला कुपा हवेत आपोआप तपकिरी पडतो, आणि पाकिटातला काही ट्यूना कार्बन मोनॉक्साइड वायू देऊन कलिंगडासारखा गुलाबी राखलेला असतो. तो आठवडाभर तसाच सुंदर दिसतो, आतून कसाही असला तरी. घरी आणताना पिशवीत बर्फ मागून घ्या. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा डिकीत मासा ठेवून वाटेत भाजी घ्यायला थांबणं परवडत नाही.

माझा नियम सरळ आहे: बाजारातला, बर्फातला कुपा आतपर्यंत शिजवायचा, म्हणजे मध्यभागी ६३ अंश सेल्सियस. गुलाबी पट्टा हवाच असेल तर कच्चा खाण्याजोगा म्हणून विकला जाणारा, हवाबंद पाकिटातला, गोठवलेला ट्यूना घ्यावा, तोही ज्याच्याकडं फ्रीजर दिवसभर चालू असतो अशा दुकानातून. गरोदर बाईला, लहान मुलांना आणि पथ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना मात्र कुठलाच गुलाबी देऊ नये.

पावसाळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘आजच आलाय, ताजा’ म्हणून मिळणारा कुपा एक तर पूर्व किनाऱ्यावरून लांबचा प्रवास करून आलेला असतो, नाहीतर गोठवलेला. गोठवलेला असल्यात वाईट काही नाही, फक्त तो तसा सांगून विकावा.

गेदर हीसुद्धा याच घराण्यातली, पण चणीनं लहान, मांस जास्त गडद आणि वास उग्र. तिचा चटका देऊन भाजलेला प्रकार मला कधीच पटला नाही. तिचं कालवण करा.

जाडी

निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. पातळ तुकडीवर वरचा थर तपकिरी व्हायच्या आत मधला भाग शिजून वर कोरडा पडलेला असतो. मग आच, तेल, तवा, काहीही बदला.

मासेवाल्या मावशींचा हात सुरमईच्या मापाला बसलेला असतो, त्यामुळं आधीच सांगावं लागतं.

“मावशी, पातळ नका करू. दीड बोट जाड द्या.”

“अगं, आत कच्चा राहील की!”

नाही राहत, शिजवायचा कसा ते पुढं येतंच. गोठवलेल्या ट्यूनाची गुलाबी तुकडी करायची तर ३ सेंटीमीटर, म्हणजे दोन बोटं भरून. बाजारातला, पूर्ण शिजवायचा तर साधारण २ सेंटीमीटर, म्हणजे दीडेक बोट. गोल काप घेण्यापेक्षा कणा काढून पाठीकडचा लांबट तुकडा मागावा आणि घरी आडवा कापावा, म्हणजे दोन्ही बाजू सपाट मिळतात. तुकडीच्या कडेला काळपट लाल मांसाचा पट्टा दिसतो, तो सुरीनं काढून टाका. कुप्याचा जो वास घरभर राहतो म्हणून सासूबाई कुरकुरतात, तो बराचसा त्या पट्ट्याचा असतो. मांजर खूश होतं.

पाणी सुटतं आणि मासा राखाडी होतो

मांस तपकिरी आणि खरपूस व्हायला पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढं जावा लागतो. पाणी १०० अंशांना उकळतं आणि ते पुरतं उडेपर्यंत तिथलं तापमान वर सरकत नाही. तुकडी ओली असेल तर तव्याची सगळी ताकद पाणी उडवण्यात जाते आणि तोवर मासा वाफेवर शिजून राखाडी होतो. कारण एवढंच. पण ओलावा येतो चार वाटांनी, आणि प्रत्येकीचा बंदोबस्त वेगळा.

पहिली वाट म्हणजे धुणं. मासा धुवा, पण मग स्वच्छ सुती फडक्यानं टिपून घ्या, दाबून, सगळ्या बाजूंनी. वरवर पुसून भागत नाही. फडकं ओलं झालं की दुसरं घ्या. तुकडीवर बोट टेकवलं की ते निसरडं न वाटता किंचित चिकट वाटलं पाहिजे. वेळ असेल तर फ्रीजमध्ये उघड्या ताटलीत अर्धा तास ठेवावी, वरचा भाग छान सुकतो.

दुसरी मीठ. ते लावायला दोनच वेळा चांगल्या: तव्यावर टाकायच्या अगदी क्षणभर आधी, किंवा वीसेक मिनिटं आधी. आधी लावलं तर सुटलेलं पाणी पुन्हा टिपून घ्यायचं. मधली पाच-सात मिनिटं सगळ्यात वाईट. पाणी मांसातून बाहेर आलेलं असतं आणि वर मोत्यांसारखं डवरून बसलेलं असतं. नेमकं तेव्हाच आपण ‘मीठ लावून झालं’ म्हणून तुकडी उचलतो.

तिसरी लिंबू, कोकम, आगळ, काहीही आंबट. आंबटानं वरचं मांस पांढरट होतं आणि पाणी सोडतं. इथं हात आखडता घेणं आपल्याला जड जातं, मला कल्पना आहे. लिंबू ताटात पिळा. वासाची भीती काळा पट्टा काढला की निम्मी होते, आणि उरलेल्या निम्म्याचा इलाज ताजा मासा घेणं हाच.

चौथी वाट गोठवलेल्या माशाची. घाईनं कोमट पाण्यात सोडवलेला ट्यूना चिरमटतो आणि तव्यावर रडतो. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. हवाबंद पाकीट असेल तर ठेवण्याआधी त्याला कात्रीनं चीर द्या, हे विसरू नका. हवा नसलेल्या पाकिटात, थंडीतसुद्धा, बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे, जिवाणू वाढू शकतात. हवा लागली की तो धोका टळतो.

तव्याला चिकटतो

दोन कारणं: तवा पुरेसा तापलेला नाही, किंवा तुम्ही थांबत नाही. गार धातूवर माशाचं मांस जाऊन धरतं. तापलेल्या तव्यावर तेलाचा थर आणि भाजलेली खरपुडी मध्ये येते, आणि ती पक्की झाली की तुकडी आपणहून सुटते. पहिल्या मिनिटात उलथनं खुपसायचं नाही, सरकवायचं नाही, खाली डोकावून बघायचं नाही. मिनिटभरानं एका कोपऱ्याला हलकं ढकलून बघा. नाही सुटली तर आणखी पंधरा-वीस सेकंद द्या.

तवा कोणता, यावर आपल्याकडं बरंच बोलणं होतं. भाकरीचा लोखंडी तवा तापतो छान, पण तो मध्ये खोलगट असतो. सपाट, घट्ट तुकडी त्यावर कडेनं टेकते आणि मधोमध अधांतरी राहते. उलटल्यावर चंद्रकोरीसारखी तपकिरी कड आणि मध्ये राखाडी ठिपका दिसला तर समजा हेच झालंय. बिडाचा सपाट डोशाचा तवा या कामाला सगळ्यात बरा: जड असतो, उष्णता धरून ठेवतो, तुकडी पडल्यावर गार पडत नाही. नॉनस्टिक टाळा. या कामाला तवा रिकामा, मोठ्या आचेवर तापवावा लागतो, आणि २६० अंशांच्या आसपास त्याचा लेप बिघडून धूर सोडू लागतो. भाकऱ्या नुकत्याच झाल्या असतील आणि तोच तवा वापरणार असाल, तर निदान त्यावरचं पीठ कोरड्या फडक्यानं झटकून घ्या. नाहीतर जळक्या पिठाचे काळे ठिपके माशाला चिकटतात आणि कडू लागतात.

तवा तापला का, ते पाण्याच्या थेंबानं बघा. थेंब चर्र करून जागीच उडाला तर अजून थांबा. गोळीसारखा इकडं-तिकडं पळाला की झालं. बिडाच्या तव्याला घरच्या गॅसवर मोठ्या आचेनं पाचेक मिनिटं सहज लागतात, घाई केली की फसगत. तेल तव्यावर ओतण्याऐवजी तुकडीला चोळा, म्हणजे धूर कमी होतो. घाण्याचं शेंगतेल चवीला कितीही चांगलं असलं तरी ते लवकर धुरावतं, त्यामुळं इथं रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल घ्या. तूपही चालतं. लोणी करपतं. खिडकी उघडा आणि एका वेळी दोनच तुकड्या टाका. चौघांचं एकदम उरकायला चार टाकल्या की तवा गार पडतो आणि परत पाण्याच्या तक्रारीवर येतो आपण.

मसाला करपतो, मासा कच्चा

कांदा-लसूण मसाला, तिखट, हळद, यातलं काहीही तुकडीला थापून या आचेवर टाकलं तर अर्ध्या मिनिटात काळं होतं. कांदा-लसूण तर सगळ्यात आधी. सांगलीत राहून हळद नको म्हणायला जीभ रेटत नाही, पण तुकडीवर फक्त मीठ, तेल आणि भरड मिरी. मसाला नंतर: मासा काढला की गॅस बंद करून त्याच तव्यावर चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, चिमूटभर हळद आणि कांदा-लसूण मसाला टाका. तव्याच्या उरलेल्या उष्णतेवर तो फुलतो, करपत नाही. ती फोडणी माशावर ओता. रंग येतो, झणका येतो, आणि पूर्ण शिजवलेल्या कुप्याचा कोरडेपणाही त्या तेलात झाकला जातो.

तिळाचं वेष्टण करणाऱ्यांनी पांढरे तीळ घ्यावेत. ते सोनेरी झाले की दिसतात. कारळे लावून बघायचा मोह आपल्याकडं होतोच, पण ते मुळातच काळे, करपले कधी ते कळत नाही आणि कडवट होतात.

कधी उतरवायचा

घड्याळापेक्षा तुकडीची कड जास्त खरं सांगते. तव्याच्या पातळीला डोळे आणून बाजूनं बघा. खालून वर एक फिकट पट्टा चढत असतो. लाल मांस त्याच्या वर आणि मध्ये अगदी स्पष्ट रेघ. गोठवलेला ट्यूना गुलाबी ठेवायचा असेल तर हा पट्टा ३-४ मिलिमीटर चढला की उलटायचा, दुसऱ्या बाजूनं तेवढाच चढला की उतरवायचा. ३ सेंटीमीटरच्या तुकडीला तापलेल्या तव्यावर एका बाजूला मिनिट-सव्वा मिनिट पुरतं.

बाजारातला कुपा पूर्ण शिजवताना २ सेंटीमीटरच्या तुकडीला दोन्ही बाजूंनी साधारण दीड-दीड मिनिट मोठी आच द्या. मग गॅस बारीक करून वर झाकण ठेवा. खरपुडी आधीच धरलेली असते, त्यामुळं आता वाफेची भीती नाही. मिनिटभरानं थर्मामीटर बाजूनं आडवा, मधोमध टोचा. ६० दाखवलं की ताटलीत काढून झाकून ठेवा. आतली उष्णता आणखी दोन-तीन अंश चढते. परत टोचून ६३ दिसलं की झालं, नाही दिसलं तर परत तव्यावर. थर्मामीटर नसेल तर एका तुकडीचा मध्य सुरीनं उकलून बघा. लाल, पारदर्शक काही दिसता कामा नये आणि पदर सहज सुटले पाहिजेत. ६३ वर कुपा घट्ट लागणार, ते मान्य करूनच बसायचं. ७० वर तो लाकूड होतो, आणि बहुतेक घरांत ‘अजून जरा होऊ दे’ म्हणत तो तिथवर जातोच.

मासा फ्रीजमधून काढून तासभर ओट्यावर ठेवा, असं मटणाच्या हिशोबानं सांगणारे भेटतात. कुप्याला ते लावू नका, हिस्टामिनचं कारण वर आलंच आहे. तवा तापत ठेवला की मासा बाहेर काढा, तेवढा वेळ पुरे.

कापताना विस्कटतो

दोन मिनिटं थांबून कापा. मांसाच्या रेघा बघा, त्यांना आडवं कापलं की मऊ लागतं, रेघांच्या दिशेनं कापलं की दोरे येतात. धारदार सुरी घ्या आणि ओढून कापा. विळीवर तुकडी पुढं ढकलावी लागते, त्यात खरपुडी निघते.

रात्रीच्या जेवणाला याच्यासोबत फार काही लागत नाही. भाकऱ्या आणि भात आधी करून घ्या, कांदा चिरून ठेवा, पानं मांडा, आणि मग तवा तापवायला ठेवा. उलट क्रमानं केलं तर भाकरी थापता थापता मासा गार होतो, आणि गार कुपा परत गरम केला की मघाचा सगळा खटाटोप वाया.

उरलाच तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, उन्हाळ्यात तासाभरात. दुसऱ्या दिवशी तव्यावर चढवू नका. पूर्ण शिजवलेला असेल तर थंडच कुस्करा, त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि आता मनसोक्त लिंबू. पोळीत गुंडाळून मुलांच्या डब्यात द्यायचा विचार असेल तर तेवढा सोडा. सकाळी भरलेला डबा दुपारपर्यंत दप्तरात गरम हवेत पडून राहतो, कुप्याला ते चालत नाही. घरीच, फ्रीजमधून काढल्या काढल्या खा.